डोक्याभोवती एक दोरा

सावलीत बसा. पाठ भिंतीला टेकवा. डोक्यावर टोपी असेल, दुपट्टा असेल, तर काढून मांडीवर ठेवा आणि उघड्या कपाळाला थोडा वारा लागू द्या. वैशाखात खाप्याच्या रस्त्यावर हे सुख मिळत नाही. तिथे डोकं झाकावंच लागतं. दिवसभर ज्याला आपण जपतो, त्या डोक्याचं माप मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असतं.

आता एक सुती दोरा घ्या. खापा हे कन्हानच्या काठचं, हातमागाचं जुनं गाव. तिथे दोऱ्याचं महत्त्व सांगायला नको. फक्त तो ताणला जाणारा नसावा. भुवयांच्या वर, कपाळाच्या मध्यावर एक टोक धरा. दोरा कानांच्या बोटभर वरून मागे न्या, कवटी जिथे सर्वांत फुगीर आहे तिथून फिरवा आणि पुढे आणून मिळवा. तो रुतू नये, लोंबूही नये. सोडा. पुन्हा घ्या. प्रत्येक वेळी थोडा फरक पडेल. सर्वांत मोठं माप खरं माना आणि पट्टीवर ठेवून सेंटिमीटर वाचा.

समजा 57 आले. तेवढ्याच घेराला अमेरिकेत 7⅛ म्हणतात, ब्रिटनमध्ये 7. घेराचं वर्तुळ मानलं तर त्याचा व्यास इंचांत जेवढा येतो, त्यावरून हे आकडे आले. ते इंचाच्या आठव्या भागाने, म्हणजे आपल्या सुताराच्या एका सुताने वाढतात. व्यास एक सूत वाढला की घेर सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून छापलेल्या नंबरावर अडकू नका. सेंटिमीटर विचारा.

मग डोळे मिटा. दोन्ही तळवे कानांच्या वर ठेवा. थांबा. आता एक तळवा कपाळावर, दुसरा मागे. डोकं गोल आहे की लांबट, हे हातांना कळेल. दोन माणसांचा घेर 57 असूनही एकाची टोपी दुसऱ्याला कपाळावर टोचते, ती या आकारामुळे.

मांडीवर पांढरी गांधी टोपी असेल, तर तिच्यावरून बोट फिरवा. डिसेंबर 1920 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं, त्याच काळात ही टोपी देशभर पोचत होती. गांधीजींनी काश्मिरी टोपीची घडण पसंत केली, कारण ती हलकी, घडी करून खिशात मावणारी. पांढरा रंग घेतला तो मळ दिसावा आणि टोपी धुतली जावी म्हणून. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. तेव्हा दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठी घ्या. आत पट्टी शिवता येते; लहान टोपी वाढवता येत नाही.

खाप्याजवळच गुमगावची मँगनीज खाण आहे. खाणीतल्या हेल्मेटचं कवच मात्र टोपीसारखं डोक्याला टेकत नाही. आतल्या पट्ट्या डोकं धरतात आणि वर मोकळी जागा राहते. दगड पडला तर धक्का त्या जागेत जिरतो. तिथे रुमाल कोंबू नये.

मोटरसायकलचं हेल्मेट याच्या उलट. त्याने डोक्याला सगळीकडून धरायला हवं. ते घातल्याची कल्पना करा, सावकाश मान हलवा. कपाळाची आणि गालांची कातडी त्याच्यासोबत सरकायला हवी. हेल्मेट एकटंच फिरलं तर ते सैल आहे. पट्टा लावून मागून पुढे ढकला, निघता कामा नये. दुकानात दहा-पंधरा मिनिटं घालून बसा. एकाच जागी दुखलं तर मोठा नंबर मागू नका, दुसऱ्या घडणीचं मागा.

आणि दुपट्टा? आपल्याकडे उन्हाळ्यात तो हेल्मेटखाली बांधतात, आणि खरी चूक इथेच होते. जाड घड्या मावाव्यात म्हणून मोठं हेल्मेट घेतलं जातं. मृगाचा पाऊस पडला की दुपट्टा सुटतो आणि तेच हेल्मेट डोक्यावर डुलू लागतं. माझं मत स्पष्ट आहे: माप उघड्या डोक्याचंच धरावं. घामासाठी पातळ सुती कापडाचा एकच पदर पुरे. मानेला हवा तेवढा दुपट्टा गुंडाळा.

आता डोळे उघडा. घरातल्या गाडीवर कोण कोण बसतं ते आठवा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला कायद्याने हेल्मेट लागतं आणि प्रत्येकाचं डोकं वेगळं असतं. जन्मताना सुमारे 35 सेंटिमीटर असलेला घेर वर्षभरात 46 च्या आसपास जातो, पुढेही हळूहळू वाढतो. म्हणून आज एकेकाला समोर बसवून दोरा फिरवा, आकडे चिठ्ठीवर लिहा, ती चिठ्ठी घेऊनच दुकानात जा. मुलांचं माप दर वर्षी नव्याने घ्या.