अठ्ठाविसावा फलंदाज

मनाचा कणखरपणा म्हणजे नेमके काय? आघाताची जाणीवच न होणे, की जाणीव असूनही तो आघात दुसऱ्याच्या माथी न मारणे? हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे खरा. परंतु त्याचे उत्तर कधीकधी ग्रंथालयापेक्षा क्रीडांगणावर अधिक स्वच्छ दिसते. अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानावर २ जून २०१० रोजी घडलेला एक प्रसंग या दृष्टीने मला फार मोलाचा वाटतो.

बेसबॉल हा आपल्या परिचयाचा खेळ नाही, म्हणून प्रथम दोन शब्द. या खेळात चेंडू टाकणाऱ्यास ‘पिचर’ म्हणतात. १० इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभे राहून तो ६० फूट ६ इंच अंतरावरून फलंदाजाला चेंडू टाकतो. क्रिकेटमध्ये षटक संपले की गोलंदाजाला थोडी उसंत मिळते. पिचरला ती सोय नाही. व्यवस्थापक त्याला बदलत नाही तोवर प्रत्येक चेंडू त्यानेच टाकायचा. सामन्यातील जय किंवा पराजयही एका पिचरच्या नावावर नोंदवला जातो. मात्र टोलवलेला चेंडू अडवणे व झेलणे हे बहुतांशी त्याच्या सहकाऱ्यांचे काम. नाव एकट्याचे आणि श्रम सर्वांचे, असा हा पेच आहे.

नऊ डावांच्या सामन्यात प्रतिपक्षाचे २७ गडी बाद करायचे असतात. एकाही फलंदाजाला पहिल्या ‘बेस’पर्यंत पोहोचू न देता हे साधले, तर तो ‘परफेक्ट गेम’, म्हणजे परिपूर्ण सामना. १८८० पासून मे २०१० अखेर अमेरिकेतील सर्वोच्च दर्जाच्या स्पर्धांत असे अवघे २० सामने झाले होते. त्यांतला विसावा २९ मे २०१० रोजी फिलाडेल्फिया संघाच्या रॉय हॅलडे याने साधला. पुढे त्याने सहकाऱ्यांना आणि संघाच्या सेवकवर्गाला घड्याळे भेट दिली. ‘हे आपण मिळून केले’ अशा अर्थाचे शब्द त्यांवर कोरलेले होते. ही कृतज्ञता सुंदर आहे. परंतु यशात इतरांना वाटेकरी करून घेणे त्या मानाने सोपे असते. दुसऱ्याच्या चुकीने आपले यश हिरावले जाते, तेव्हा सांघिक वृत्तीची खरी कसोटी लागते.

ती कसोटी चारच दिवसांनी डेट्रॉईट येथे लागली. व्हेनेझुएलाचा २८ वर्षांचा पिचर अर्मांडो गॅलारागा याने क्लीव्हलंड संघाचे २६ फलंदाज ओळीने बाद केले होते. शेवटच्या डावात ऑस्टिन जॅक्सन या सहकाऱ्याने पाठमोरे धावत एक अवघड झेल घेऊन त्याची आशा जिवंत ठेवली होती. सत्ताविसाव्या फलंदाजाने चेंडू जमिनीलगत टोलवला. मिगेल काब्रेराने तो अडवून फेकला, गॅलारागाने धावत येऊन झेलला आणि पहिल्या बेसवर पाय टेकवला. फलंदाज अजून पोहोचला नव्हता. परंतु पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवले.

गॅलारागाने पंचांकडे पाहिले आणि तो किंचित हसला. प्रेक्षक संतापले, सहकारी हुज्जत घालू लागले. तो मात्र उंचवट्यावर परतला आणि त्याने अठ्ठाविसावा फलंदाज बाद केला. डेट्रॉईटने सामना ३-० असा जिंकला.

सामन्यानंतर चित्रफीत पाहताच जॉइस यांना आपली चूक उमगली. दोन दशकांहून अधिक अनुभव असलेल्या या पंचांनी कोणतीही सबब न सांगता ती जाहीरपणे मान्य केली आणि साश्रू नयनांनी गॅलारागाची क्षमा मागितली. चूक कोणाकडूनही होते, अशा अर्थाचे बोलून त्याने त्यांना आलिंगन दिले. दुसऱ्या दिवशी जॉइस यांना रजा देऊ करण्यात आली होती. तरीही ते त्याच मैदानावर कामाला उभे राहिले. संघाच्या खेळाडूंची यादी पंचांकडे नेऊन देण्यासाठी व्यवस्थापकाने गॅलारागाला पाठवले. ती स्वीकारताना जॉइस यांना पुन्हा अश्रू आवरेनात.

कोणी म्हणेल, हा तर दुबळेपणा! अन्यायाविरुद्ध चवताळून उठतो तोच खरा मर्द. येथे संत थॉमस अक्वायनस यांचे विवेचन आठवते. धैर्याचे प्रमुख लक्षण चढाई करणे नव्हे, तर खंबीरपणे सोसणे होय, असे ते सांगतात. चढाई करणाऱ्याला आपण वरचढ आहोत असे वाटत असते. सोसणारा स्वतःहून प्रबळ शक्तीला तोंड देतो. चढाई करणाऱ्याचे संकट अजून पुढे असते. सोसणाऱ्याच्या ते अंगावर आलेले असते, आणि त्याला दीर्घकाळ टिकून राहावे लागते. गॅलारागा त्या क्षणी रागात वाहून गेला असता, तर त्याचे दुःख न्याय्यच ठरले असते. पण सामना संपलेला नव्हता. आपल्या गाऱ्हाण्यापेक्षा त्याने संघाचे उरलेले काम मोठे मानले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. क्षमा म्हणजे असत्यावर पांघरूण घालणे नव्हे काय? येथे तसे झाले नाही. चूक झाली हे दोघांनीही मान्य केले. बेसबॉलचे आयुक्त बड सेलिग यांनी मात्र निर्णय फिरवला नाही. अधिकृत नोंदीत तो सामना आजही परिपूर्ण नाही. चित्रफितीच्या आधारे असे निर्णय तपासण्याची व्यापक व्यवस्था २०१४ मध्ये आली. ती यायलाच हवी होती. व्यक्तीने क्षमा केली, म्हणून चुका टाळण्याच्या कर्तव्यातून संस्था मुक्त होत नाही.

मात्र एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गॅलारागाचे ते हास्य जॉइस यांनी क्षमा मागण्यापूर्वीचे आहे. आपण चुकलो, हे पंचांना तेव्हा ठाऊकही नव्हते. “आधी त्याने माफी मागावी, मग मी बोलेन,” असे म्हणत भावाभावांनी वर्षानुवर्षे अबोला धरलेली घरे आपल्या परिचयाची आहेत. अशा घरांत दोघेही थांबलेले असतात, आणि घराचे कामही थांबलेले असते.

सत्ताविसाव्या फलंदाजाच्या वेळी काय घडेल, हे आपल्या हाती नसते. अठ्ठाविसावा फलंदाज मात्र समोर येऊन उभा राहतोच. त्याला चेंडू टाकायचा की नाही, एवढेच आपल्याला ठरवायचे असते.