अ. पा. क.

सरकारी मराठीत अठरा वर्षांखालच्या माणसाला 'अज्ञान' म्हणतात आणि अठरा पूर्ण झालेल्याला 'सज्ञान'. १८७५ सालच्या कायद्याने ही रेघ मारून ठेवली आहे. वाढदिवसाच्या आदल्या रात्री अंथरुणावर पडताना अज्ञान असलेला इसम सकाळी सज्ञान होऊन उठतो. ऋषिमुनींना ज्यासाठी अंगावर वारूळ चढेपर्यंत बसावं लागलं, ते या गृहस्थाला घोरता घोरता प्राप्त होतं! तोवर त्याच्या वतीने सही करायला एक वडीलधारं माणूस नेमलेलं असतं. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे 'अ. पा. क.' अशी अक्षरं दिसतात ना, तोच तो अज्ञान पालनकर्ता.

बँकेतही हाच प्रकार. मी गेली बावीस वर्षं पनवेलात एका बँकेत लिपिक आहे आणि 'पालक' या रकान्यातल्या सह्या ताडून पाहण्यात माझी निम्मी दृष्टी खर्ची पडली आहे. त्या खात्यांचा नियम साधा. पैसे मुलाचे, पालकाने फक्त सही करायची. काढले तरी मुलाच्या कामासाठीच काढायचे. खात्यावर लाखभर रुपये असले तरी त्यातल्या एका रुपयालाही पालकाला 'माझा' म्हणता येत नाही. आता माझा प्रश्न असा, की पैशाला जो नियम तो अभिमानाला का नाही? मुलगा वाढतो, शहाणा होतो, आणि ती रक्कम आपण खुशाल स्वतःच्या खात्यावर जमा करून टाकतो. ही अफरातफर नव्हे काय?

इतकी वर्षं हा प्रश्न मला पडला नाही, कारण जमा करण्याजोगी रक्कमच नव्हती. आमच्या चिरंजीवांची दहावीपर्यंतची ख्याती म्हणजे पंखा चालू ठेवून खोलीबाहेर जाणे आणि कुठल्याही प्रश्नाला 'माहीत नाही' हे उत्तर देणे. यंदा मार्चात परीक्षा संपली आणि एप्रिलात त्यांनी वाढायला सुरुवात केली. जानेवारीत शिवलेली पँट मे महिन्यात घोट्याच्या वर आली. आवाज सकाळी एक आणि संध्याकाळी दुसराच. फोनवर लोक त्याला 'साहेब आहेत का' असं न विचारता थेट 'साहेब' म्हणून हप्त्यांबद्दल विचारू लागले!

यात नवल काही नाही म्हणतात. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये माँबेयार नावाचा एक उमराव होता. त्याने १७५९ साली मुलगा जन्मला तेव्हापासून १७७७ पर्यंत, साधारण दर सहा महिन्यांनी त्याची उंची मोजून लिहून ठेवली. ब्युफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ते आकडे छापले आणि शेरा मारला, की मुलगा हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त वाढतो. पुरी अठरा वर्षं, म्हणजे आमच्या अ. पा. क.ची नेमकी मुदत! या उमरावाबद्दल मला फार आदर आहे. बापाने ठेवलेल्या त्या हिशेबात बापाच्या नावाने एक इंचसुद्धा जमा नाही.

उंचीपुरतं हे ठीक. उंचीचं श्रेय घेणारे बापही असतात, पण ते बहुधा स्वतः उंच असतात. मी पाच फूट चार असल्यामुळे तो मोह मला नाही. खरी भानगड पेणला झाली.

सुट्टीत घरी बसून काय करणार, म्हणून चिरंजीव एका मित्राच्या ओळखीने पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात जाऊ लागले. आमच्याकडे गणपती भाद्रपदात बसतो, पण पेणेत तो वर्षभर उभा असतो. परदेशी जाणारे गणपती तर उन्हाळ्यातच बोटीवर चढतात. त्यामुळे एप्रिल-मे म्हणजे तिथे ऐन घाईचे दिवस. सकाळची एसटी पकडून हा पोरगा पळस्पे, शिरढोण, कर्नाळा, तारा, खारपाडा असा पस्तीसएक किलोमीटर जायचा आणि संध्याकाळी केसांत माती घेऊन परत यायचा. शाळेसाठी ज्याला उठवायला आमच्या सौभाग्यवतींना तीन हाका आणि एक तांब्या लागे, तो पाचला आपण होऊन उठायचा. नवशिक्याला डोळ्यांची आखणी कुणी देत नाही. ती हात बसलेल्या माणसाने करायची. याचं काम साच्यातून निघालेल्या शाडूच्या मूर्तीचे जोड ओल्या ब्रशाने गुळगुळीत करायचे आणि मूर्ती उचलून वाळायला मांडायच्या. रोजच्या मजुरीवर.

मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी होती, तेव्हा कारखाना पाहायला म्हणून मी गेलो. चिरंजीव आत फळीवर मूर्ती मांडत होते. मालकांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या पोराने गेल्या आठवड्यात दोन मूर्ती फोडल्या."

माझा हात खिशाकडे गेला. मालक म्हणाले, "तसं नाही हो. दुपारी जेवायच्या वेळेला फुटल्या, कुणी पाहिलं नव्हतं. रंग न लावलेला शाडू म्हणजे काय, पाण्यात टाकला की पुन्हा माती. पिंपात टाकून दिल्या असत्या तर मला पत्ता लागला नसता. तुकडे घेऊन आला आणि म्हणाला, काका, याचे कापा."

"मग?"

"मग काय, कापले. न कापून कसं चालेल? पोराला वाटेल खरं बोललं की माफ होतं. खरं बोलणं वेगळं, हिशेब वेगळा."

हे वाक्य फ्रेम करून आमच्या शाखेत लावण्याच्या लायकीचं आहे, पण तो मुद्दा नाही. येताना एसटीत मी चिरंजीवांना विचारलं, "घरी बोलला नाहीस ते मूर्तींचं?" तो खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका बघत होता. म्हणाला, "त्यात काय सांगायचं, बाबा?"

आणि इथे माझी छाती फुगली. शर्टाचं वरचं बटण काढावं लागलं.

सोमवारी ही गोष्ट मी बँकेत सांगितली. नाही कशाला म्हणू, तीन टेबलांवर सांगितली. तिन्ही टेबलांवर एकच उद्गार निघाला, "शेवटी तुमचे संस्कार!" वाचकहो, या शब्दासारखा सोयीचा शब्द मराठीत दुसरा नाही. मूल चांगलं निघालं की संस्कार, बिघडलं की संगत. जमा आमच्याकडे, नावे शेजाऱ्याच्या मुलाकडे! मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने १४९४ साली दुहेरी नोंदीची पद्धत छापून ठेवली, तेव्हापासून एकतर्फी नोंदीला जगात कुठेही मान नाही. जमा घ्यायची तर नावेही पडलं पाहिजे.

ते कुणाच्या नावे पडतं, हे मी त्याच महिन्यात पाहिलं. दहावीचा निकाल लागला. चिरंजीवांना एकाहत्तर टक्के मिळाले. आमच्याच चाळीवजा इमारतीतल्या एका गृहस्थांचा मुलगा दोन विषयांत राहिला. हे गृहस्थ रोज संध्याकाळी वडाळे तलावावर फिरायला येत, ते यायचे बंद झाले. जिन्यात भेटले तर चपलेकडे बघत उतरत. मुलासाठी त्यांनी माझ्यापेक्षा कमी केलेलं नाही. क्लासची फी भरली, रात्री त्याच्याबरोबर जागले. मी 'माझे संस्कार' म्हणून पावती फाडली, की तिची कार्बन प्रत आपोआप त्यांच्या दारात जाऊन पडते. तीवर लिहिलेलं असतं, 'तुमचे कमी पडले.' माझा एक रुपयाचा अभिमान त्यांना शंभर रुपयांना पडणार असेल, तर तो व्यवहार खरा नाही.

शिवाय वस्तुस्थिती तपासायला हवी. सचोटीवर मी चिरंजीवांना जी भाषणं दिली, ती सगळी त्यांनी कानात काड्या घालून ऐकली आहेत. ते यंत्र काढून ठेव म्हटलं, तर 'माहीत नाही' असं उत्तर यायचं. मग त्या दुपारी, कुणी बघत नसताना, तुकडे उचलून मालकाकडे जाणारा मुलगा कुणी घडवला? थोडा आम्ही, थोडा शाळेने, थोडा त्या मालकांनी आणि उरलेला त्याचा त्याने. यातला माझा हिस्सा किती, हे कुठलाही ऑडिटर सांगू शकणार नाही.

मग अभिमान बाळगूच नये की काय? तसंही मला वाटत नाही. मुलाच्या चांगुलपणाने ज्याची छाती फुगत नाही, त्याने वैद्याकडे जावं. आपल्याकडे जुने लोक सांगत, की मूल सोळा वर्षांचं झालं की त्याच्याशी मित्रासारखं वागावं. कायद्यापेक्षा दोन वर्षं आधीच त्यांनी पालनकर्त्याला रजा दिली होती. आणि मित्राचा अभिमान आपल्याला वाटतोच की! मित्राने चांगलं काही केलं तर 'मी घडवला' असं आपण म्हणत नाही. 'मी ओळखतो त्याला' एवढंच म्हणतो, आणि तेवढ्याने पोट भरतं.

बँकेत अंगठा उठवणाऱ्या खातेदाराला साक्षीदार लागतो. साक्षीदाराला पैसे मिळत नाहीत, त्याला कुणी शाबासकी देत नाही. अट एकच, अंगठा उठला तेव्हा तो तिथे हजर असावा. बापाने अभिमान बाळगावा तो या नात्याने, असं माझं मत झालं आहे. 'मी केलं' या रकान्यात सही करायची नाही, 'मी पाहिलं' या रकान्यात जरूर करायची. पण त्यासाठी हजर राहावं लागतं, आणि ते सही करण्यापेक्षा कठीण आहे. मुलाच्या आयुष्यातले बरेचसे अंगठे आपण बँकेत बसलेलो असतानाच उठतात.

हल्ली मी वडाळे तलावावर जाताना त्या गृहस्थांच्या दारावर टकटक करतो. ते येतात. त्यांचा मुलगा पुरवणी परीक्षेला बसणार आहे. संस्कार हा विषय आम्ही काढत नाही, महागाईवर बोलतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चिरंजीव मजुरी भरायला आमच्या शाखेत आले. स्लिप स्वतः भरली, रांगेत उभे राहिले, माझ्याकडे ओळखसुद्धा दाखवली नाही. पासबुकात एक रक्कम जमा झाली. दोन मूर्तींचे कापलेले पैसे त्यात नाहीत. ते कुठल्याच पुस्तकात दिसायचे नाहीत. पण तेवढी रक्कम मला तोंडपाठ आहे.