उंबरगावची घरमालकीण

वसईत माणिकपूरला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक ताई बसत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेचं प्रमाणपत्र आणि खिडकीखाली रिक्षांचा असा गोंगाट, की रडणाऱ्या माणसालाही मध्येच थांबावं लागे. अर्नाळ्याचा एक मुलगा दर शनिवारी त्यांच्याकडे येई. वडील गेल्यापासून त्याची झोप उडाली होती, कशातच मन लागत नव्हतं. विरारचे मानसोपचारतज्ज्ञ गोळ्या देत, ताई बोलत आणि बोलू देत. पोरगा हळूहळू सावरत होता.

तेवढ्यात त्याला उंबरगावच्या जीआयडीसीत नोकरी लागली. डहाणूच्या पुढे घोलवड, आणि घोलवड सोडलं की गुजरात.

"ताई, आता फोनवर बोलू ना?"

ताई अडखळल्या. त्यांची एक वर्गमैत्रीण अमेरिकेत समुपदेशक होती. पेशंट घर बदलून शेजारच्या राज्यात गेला की तिचं काम तिथेच थांबे, कारण परवाना त्या-त्या राज्यापुरता. आता कुठे तिथली राज्यं आपसात करार करून वाट मोकळी करू लागली होती. शिवाय आपल्याकडच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी करण्याची तरतूद आहे. नसती भानगड नको, म्हणून ताईंनी त्याला वापीतल्या एकांचं नाव लिहून दिलं आणि फाइल बंद केली.

तो वापीला गेलाच नाही. कामापुरतं गुजराती त्याला येत होतं. वडिलांबद्दल बोलण्याइतकं येत नव्हतं.

मग मोबाइलवर त्याला एक 'माइंड कोच' सापडला. त्याचं नाव कुठल्याच नोंदवहीत नव्हतं, त्यामुळे त्याला हद्दीचा प्रश्नही पडत नव्हता. नाशिक, दुबई, उंबरगाव, सगळीकडे त्याची गिऱ्हाइकं. आपल्याकडचा हा मासला बघण्यासारखा आहे: नियमाला भितो तो परवानावालाच. सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या 2021 च्या कायद्यानुसार आता समुपदेशकांच्या काही प्रकारांचीही नोंद व्हायची आहे, पण ते गाडं सावकाश चाललंय. कोच म्हणाला, गोळ्या म्हणजे कुबड्या, फेकून दे. पोराने फेकल्या. दिवाळीला घरी आला तेव्हा आजीला तो ओळखू येईना.

आजी जिना चढून आली. धाप लागली होती, तरी बसली नाही.

"बाय, तू त्याच्याशी बोलणं का टाकलंस?"

"आजी, तो आता दुसऱ्या राज्यात..."

"माझं माहेर उंबरगावकडचं. मी जन्मले तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. साठ साली गुजरातेत गेलं. तू मला हद्द नको सांगू."

ताईंना हसू आलं, पण त्यांनी खरं काय ते सांगितलं. "आजी, कागद राहू दे. रात्री दोनला त्याचं काही बिनसलं, तर मी इथून काय करणार?"

आता आजी बसली. "माझी सासू सुईण होती. परगावाहून बोलावणं आलं की विचारायची, पाणी तापवायला कोण आहे? आणि बाई अडलीच तर गाडी कुणाची जुंपायची? दोन नावं कळल्याबिगर उंबरा ओलांडायची नाही. कळली, की मग पावसालाही ऐकायची नाही."

त्या रात्री ताईंनी 1992 चा पुनर्वास परिषद कायदा पुन्हा काढून वाचला. नोंदवहीत नाव असलेल्याला भारतात कुठेही व्यवसाय करता येतो, असं त्यात चक्क लिहिलेलं होतं. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनी डॉक्टरांनाही कुठल्याही राज्यातला रुग्ण फोनवर तपासायची मुभा दिलेली होती. म्हणजे कायद्याने वाट अडवलेली नव्हती. अडलं होतं ते गाडी कुणाची, यावर.

ताईंनी मुलाला फोन केला. आधी विरारच्या डॉक्टरांना भेटवून गोळ्या पुन्हा सुरू करून घेतल्या. मग नवा कागद केला: राहतोस तो पूर्ण पत्ता, शेजारी कोण, जवळचं हॉस्पिटल कोणतं, निरोप कुणाला द्यायचा. रात्री-अपरात्री टेलि-मानस हेल्पलाइनचा 14416, तिथे मराठीतही बोलता येतं. मुलाच्या संमतीने घरमालकिणीचा नंबर घेतला आणि तिच्याशी मोडक्यातोडक्या गुजरातीत बोलून घेतलं. घरमालकीण फटकळ होती. "जेवला की नाही ते बघेन, बाकीचं मला समजत नाही," म्हणाली.

तेवढंच उपयोगी पडलं. पुढे एका रात्री फोन आला तो तिचाच: डबा दोन दिवस दाराबाहेर तसाच आहे, दार उघडत नाही. ताईंनी तिला फोन चालू ठेवून दार वाजवत राहायला सांगितलं, दुसऱ्या फोनवरून शेजाऱ्याला उठवलं. दार उघडलं. पोरगा धड होता, फक्त उठवत नव्हतं त्याच्याने. शेजाऱ्याने रिक्षाने हॉस्पिटल गाठलं, आणि आजी पहिल्या गाडीने निघाली. कोचचा नंबर तेव्हा बंद होता.

आता ताई दूरच्या प्रत्येकाकडून तो कागद भरून घेतात. परवा बंगळुरूला गेलेली नालासोपाऱ्याची एक मुलगी कुरकुरली, "पीजीत मला कोण ओळखतंय?" ताई म्हणाल्या, "मग आठवडाभराने बोलू, तोवर कुणाशी तरी ओळख करून घे." तिने वैतागून वॉचमन असं लिहिलं, मग ते खोडून खोलीतल्या मैत्रिणीचं नाव आणि नंबर लिहिला.