गाठ हाताला लागल्यावर

वाशिमकडे सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की पायात धसकटं घुसतात आणि चार दिवसांत जांघेत गाठ येते. जुन्या बाया ती चाचपतात आणि सांगतात, "अवधाण आलं व्हय, पायाची जखम भरली का बसते." बहुतेकदा ती बसतेही. जखमेतले जंतू तिथे अडवले गेलेले असतात. शरीरात अशा साधारण सहाशे लसीका गाठी आहेत. काम वाढलं की सुजतात. कारण डोळ्यांसमोर असलं की गाठीची भीती वाटत नाही.

पंचाईत होते ती कारण सापडत नाही तेव्हा. मानेला काहीतरी हाताला लागतं. दुखत नाही, दात किडलेला नाही, घसा धरलेला नाही. मग रक्त तपासायचं. रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, म्हणजे डॉक्टरांच्या आधी घरच्यांच्या हातात. दोन आकडे ठळक छापलेले: ईएसआर जास्त, लिम्फोसाइट जास्त. सकाळपर्यंत घरातल्या प्रत्येकानं मनात एकच रोग धरलेला असतो, फक्त नाव कुणी घेत नाही. ज्याची गाठ आहे तो दर तासाला ती दाबून बघतो. दाबून दाबून ती दुखायला लागते, आणि दुखली म्हणून आणखी धास्ती.

त्या ठळक आकड्यांमागचं गणित मात्र कुणी सांगत नाही. 'नॉर्मल'ची हद्द सहसा निरोगी माणसांपैकी ९५ टक्के जण आत बसतील अशी आखलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा तरी आकडा हद्दीबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के निघते. ईएसआर तर अंगात रक्त कमी असलं किंवा नुसतं वय झालं तरी चढतो. यंत्र आकडा छापतं. त्याला समोरची बाई महिनाभर उन्हात सोंगणी करून आलीय हे माहीत नसतं.

गाठीचा धसका आपल्याकडे जुना आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून गाठीसाठी माणसं तपासत होते, आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले गेल्या. आज मानेची गाठ बरी न होता रेंगाळली, तर आपल्या भागात आधी आठवावा तो क्षय. फुप्फुसाबाहेरच्या क्षयात गाठींचा क्षय सर्वांत जास्त दिसतो. पूर्वीचे लोक त्याला गंडमाळ म्हणत. साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी तो बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ती औषधं फुकट मिळतात.

पण निदानासाठी गाठीत सुई घालावी लागते, आणि इथेच माणसं अडतात. "सुई लागली का पसरते," असं कुणीतरी पारावर सांगितलेलं असतं. मग सुई टाळून 'गाठ बसायच्या गोळ्या' आणल्या जातात. त्यात स्टेरॉइड असलं तर गाठ खरंच विरघळल्यासारखी दिसते. रोग लसीका गाठींच्या कर्करोगाचा असेल, तर त्याचा मागही पुसट होतो आणि पुढे तुकडा तपासला तरी नीट कळत नाही. सुईपेक्षा ही गोळी घातक, असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉक्टर "तीन-चार आठवडे थांबू" म्हणाले की लोकांना वाटतं, यांना काही समजलं नाही. रिपोर्टांची पिशवी घेऊन अकोला, तिथून नागपूर. प्रत्येक ठिकाणी रक्त नव्यानं. थांबणं हाही तपासाचाच भाग असतो, कारण साध्या संसर्गाची गाठ तेवढ्या मुदतीत ओसरू लागते. गळ्याच्या हाडावरच्या खळग्यात गाठ असेल तर मात्र थांबू नये. टणक, वाढत जाणारी, दोन सेंटीमीटरच्या पुढची, किंवा सोबत रात्री कपडे भिजवणारा घाम, रेंगाळणारा ताप आणि घटणारं वजन असेल तरीही नाही.

म्हणून "थांबा" ऐकल्यावर खुर्चीतून उठायच्या आधी विचारावं: कोणत्या तारखेपर्यंत, त्या दिवशी काय बघणार, आणि मधे काय झालं तर लगेच यायचं? उत्तर चिठ्ठीवर लिहून मागावं. बाहेर गर्दी असते, डॉक्टर थोडे वैतागतील. वैतागू द्यावं.