गतीला चालक हवाच का?

घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीच्या साखर कारखान्याकडे गळीत हंगामात उसाच्या गाड्यांची रीघ लागते. बैलगाडी असो की दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, पाहणाऱ्याच्या मनात एकच नियम ठसतो: ओढणारा ओढतो तोवर गाडी चालते, ओढ थांबली की गाडीही थांबते. या रोजच्या अनुभवातून माणसाने फार मोठा निष्कर्ष काढला. गाडीला बैल लागतो, तर वाऱ्याला, नदीला, चंद्रसूर्याला चालवणारा कोणी तरी असलाच पाहिजे, आणि तोच परमेश्वर. ॲरिस्टॉटलने हा युक्तिवाद मांडला, युरोपातल्या धर्मपंडितांनी तो उचलला, आणि आपल्याकडेही उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीसाठी याच जातीचे हेतू दिले. माझ्या मते हा युक्तिवाद आता टिकत नाही; आणि तो सोडल्याने श्रद्धेचे काहीही बिघडत नाही. उलट याच घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थ येथे 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांचा चंचळ-निश्चळ विचार नीट समजून घ्यायचा, तर तो सोडावाच लागतो.

आधी गाडीच जरा जवळून पाहू. आखाला वंगण नसले की चाक करकरते आणि बैल फेसाळतात. वंगण घातले की गाडी तीच, ऊस तेवढाच, पण ओढ हलकी होते. ओल्या काळ्या रानातून गाडी डांबरी सडकेवर आली की ती आणखी हलकी होते. म्हणजे बैलांचा जोर गती टिकवण्यात जात नव्हता, तो घर्षणाशी झगडण्यात जात होता. सपाट सडकेवरचे हे घर्षण कमी कमी करत अगदी शून्यावर नेले तर किती ओढ लागेल? काहीच नाही. गॅलिलिओ उतरणीवरून गोळे सोडून याच विचारापर्यंत पोहोचला, आणि न्यूटनने 1687 मध्ये ‘प्रिन्सिपिया’त त्याला पहिल्या नियमाचे रूप दिले: बाहेरून बळ लागले नाही तर थांबलेली वस्तू थांबलेली राहते आणि चालणारी त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरने एकदम ब्रेक दाबला की मागचे ओझे त्यालाच पुढे रेटते. त्या क्षणी ट्रॉल्यांना मागून कोणी ढकलत नसते. त्यांना थांबवायलाच बळ लागते. कारण मागायचे ते गती बदलण्याचे. एकसारख्या सरळ गतीला, थांबून राहण्याला लागत नाही तसेच, वेगळे कारण लागत नाही.

‘हे सारे आमच्या कणादांनी आधीच सांगितले आहे’ असा आक्षेप इथे हमखास येतो. त्याला आदराने, पण नेमके उत्तर दिले पाहिजे. कणादांच्या वैशेषिक दर्शनाने गतीचा जो विचार केला तो खरोखर सूक्ष्म आहे. सुटलेल्या बाणाला पहिली गती दोरीच्या रेट्याने मिळते, पुढे ‘वेग’ नावाचा संस्कार त्याला नेतो, आणि तो संस्कार संपला की गुरुत्वाने बाण पडतो, असे ते सांगते. बाणाला मागची हवा ढकलते म्हणणाऱ्या ॲरिस्टॉटलपेक्षा हे कितीतरी सरस. पण हा न्यूटनचा नियम नव्हे. न्यूटनच्या हिशेबात गुरुत्व वेग संपण्याची वाट पाहत नाही. बाण सुटल्या क्षणापासून ते त्याला खाली ओढतच असते. सपाट जागी आडवा सुटलेला बाण आणि त्याच उंचीवरून नुसता सोडलेला दगड, हवेचा अडथळा वगळला तर, एकाच वेळी जमिनीला टेकतात. शिवाय लोहचुंबकाकडे सुई का सरकते, या प्रश्नापाशी सूत्रकार ‘अदृष्ट’, म्हणजे न दिसणारे, कारण देऊन थांबतात. पूर्वजांचा मोठेपणा त्यांनी विचारलेल्या प्रश्नांत आहे. पुढच्यांची उत्तरे त्यांच्या नावावर लिहिल्याने तो वाढत नाही.

उदयनाचार्यांचा एक हेतू ‘धृती’चा आहे. जड जग खाली पडत नाही, अर्थात कोणाच्या तरी प्रयत्नाने ते तोलून धरले आहे, असा त्याचा आशय. त्या काळी हा तर्क निर्दोष वाटावा असाच होता. पण चंद्राचे उदाहरण घ्या. तो पडत नाही हे गृहीतच चुकीचे आहे. चंद्र सतत पडतो आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून तो आपल्यापेक्षा साधारण साठपट दूर आहे, म्हणून तिथली ओढ साठाच्या वर्गाने, म्हणजे 3,600 पटींनी क्षीण होते. हातातून सुटलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे 4.9 मीटर पडतो, तर चंद्र सरळ रेषेपासून तेवढ्याच वेळात जेमतेम 1.4 मिलिमीटर पृथ्वीकडे वळतो. या पडण्यानेच त्याची वाट गोल होते. त्याला तोलून धरणारा हात मानण्याची गरज उरत नाही.

मग पहिला धक्का कोणी दिला, असे विचारता येईल. खुद्द न्यूटन श्रद्धावान होता. ग्रहांच्या परस्पर ओढीने सूर्यमाला हळूहळू विस्कटेल आणि ईश्वराला ती पुन्हा लावून द्यावी लागेल, असे त्याला वाटत होते. लायबनिट्झने 1715 मध्ये यावर बोट ठेवले: हा कसला कारागीर, ज्याला आपले घड्याळ मधूनमधून दुरुस्त करावे लागते? पुढे 1785 च्या सुमारास लाप्लासने दाखवले की गुरू आणि शनी यांच्या गतीतला जो बिघाड सर्वांना छळत होता, तो सुमारे 900 वर्षांत फिरून येणारा चढउतार आहे आणि गुरुत्वाकर्षणातूनच निघतो. ईश्वराला आपल्या अज्ञानाच्या फटीत बसवले की ज्ञान वाढेल तशी त्याची जागा आक्रसत जाते. श्रद्धेचा याहून मोठा अवमान मला दिसत नाही. हे नियम मुळात आहेतच का, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो, आणि तो खरा आहे. पण तो गतीचा प्रश्न नव्हे. गाडी आणि बैल यांच्यावरून त्याचे उत्तर काढता येणार नाही.

समर्थ इथे उपयोगी पडतात. त्यांच्या दासबोधात वायूचे स्तवन आहे, चंचळ नदीचे निरूपण आहे. जग हलते-बदलते कसे याकडे या माणसाचे बारीक लक्ष होते. परंतु त्यांचा सर्वांत धीट विचार असा की देहादेहांतून वावरणारा, सर्वांना चेतवणारा जो अंतरात्मा, त्यालाही त्यांनी चंचळातच बसवले. चालवणारा चळतो, निश्चळ परब्रह्म त्याच्याही पलीकडे. म्हणजे त्यांचे निश्चळ हे सगळ्यांत मागे उभे राहून विश्वाला ढकलणारे सर्वांत बलवान असे काही नाहीच. यावर कोणी म्हणेल, समर्थांनी तर जागोजागी रामाला कर्ता म्हटले आहे. म्हटले आहेच, आणि उपासनेत ते अपरिहार्यही आहे. पण भक्ताचा ‘कर्ता राम आहे’ हा भाव अहंकार उतरवण्यासाठी असतो. गाडी का चालते याचे ते स्पष्टीकरण नसते. विज्ञाननिष्ठ वाचक उलट बाजूने विचारील की निश्चळ असे जगात काही नाहीच, तर या शब्दाला अर्थ काय? तीर्थपुरीत उभी केलेली गाडीसुद्धा पृथ्वीच्या परिवलनाबरोबर ताशी 1,500 किलोमीटरहून अधिक वेगाने पूर्वेकडे चालली आहे, आणि सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर. कोणतीही वस्तू निरपेक्ष स्थिर आहे असे भौतिकशास्त्र म्हणू देत नाही. हे मान्यच आहे, आणि समर्थांनाही ते अडचणीचे वाटले नसते, कारण दिसणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी चंचळातच येते. मात्र एवढ्यावरून ‘विज्ञानाने अध्यात्म सिद्ध केले’ म्हणून टाळ्या पिटू नयेत. वस्तू निश्चळ नाही एवढेच भौतिकशास्त्र सांगते. वस्तूंपलीकडे निश्चळ आहे की नाही, याबद्दल ते होय म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. त्यासाठी समर्थांनी सांगितलेली वाट श्रवणाची, मननाची आणि विवेकाची आहे, आणि तिथे बळ, वेग, वस्तुमान यांची मापे लागत नाहीत.