वाहून जाणारी माती कोणाची?



पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर आपटला की मातीचे कण सुटतात आणि उताराने वाहू लागतात. एका हेक्टरवरून केवळ १ मिलिमीटरचा थर गेला, तरी १० घनमीटर माती जाते. शेत मात्र कालच्यासारखेच दिसते.

येशूसंघीय फादर हर्मन बाकर यांच्या पुढाकाराने १९८९ साली महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. त्याची रीत ‘माथा ते पायथा’ अशी. आधी डोंगरावर चर खणायचे, झाडे लावायची, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळायची.

इथे न्यायाचा प्रश्न उभा राहतो. पाणी वाढते ते पायथ्याच्या शेतकऱ्याच्या विहिरीला. चराईबंदीची झळ बसते ती शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनाला. माती सर्वांची म्हणायचे आणि त्याग एकाच्याच माथी मारायचा, हे आम्हाला योग्य वाटत नाही. ज्याचे पीक वाढले, त्याने त्या शेळ्यांच्या चाऱ्याचीही सोय पाहिली पाहिजे.

आपणही गावाच्या भल्यासाठी कोणाला ‘थोडी झळ सोसा’ असे सांगण्यापूर्वी, लाभ कोणाच्या पदरात पडणार, हे आधी विचारू या.