सोन्याचे मांजर

आमच्या व्हरांड्यात आकाशकंदील टांगायचा एक खिळा आहे. यंदा आषाढात त्या खिळ्यावर सलाईनची बाटली लोंबत होती. घरात माणूस कोणी आजारी नव्हते. आजारी होती आमची मांजरी.

तेरा वर्षांपूर्वी ती पावसात भिजत दारी आली, तेव्हा शेजारच्या आजींनी तिला ‘पिल्ली’ म्हणून हाक मारली. आजी तेलुगू बोलणाऱ्या. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा एकाच नळावर पाणी भरतात. तेलुगूत पिल्ली म्हणजे नुसते मांजर. आम्ही ते ‘पिल्लू’चे लाडके रूप समजलो आणि ती म्हातारी झाली तरी पिल्लीच राहिली.

उन्हाळ्यात ती सारखी पाणी पिऊ लागली. सोलापूरचा उन्हाळा, तहान कोणाला लागत नाही? आम्ही दुर्लक्ष केले. मग ती वाळत चालली, खाल्लेले ओकू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासले. मूत्रपिंडे निकामी होत होती. मांजराच्या बाबतीत ही लक्षणे दिसेपर्यंत मूत्रपिंडांचे सुमारे दोन तृतीयांश काम थांबलेले असते आणि जे गेले ते परत येत नाही. (अशा वेळी कोणी तरी माणसांची पॅरासिटामॉलची गोळी सुचवतो. ती मांजराला विष आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. पाचसहा दिवस दवाखान्यात ठेवून शिरेतून सलाईन, रोज तपासण्या. खर्च १८,००० रुपयांच्या घरात. त्यातून कदाचित काही महिने मिळतील, कदाचित नाही. नाही तर घरीच एक दिवसाआड कातडीखाली सलाईन, उलटीचे औषध आणि चालेल तितके दिवस. मी चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहून निवृत्त झालेला माणूस. बाजूला ठेवलेले २०,००० होते, पण ते हिच्या दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी. “एका डोळ्यानंही दिसतंय मला,” असे ही म्हणालीदेखील. मी ऐकले नाही. माझ्या दयेसाठी दुसऱ्याचा डोळा खर्ची घालण्याचा अधिकार मला कोणी दिला?

मी घरची वाट धरली आणि विचारील त्याला सांगू लागलो, “म्हातारं जनावर. पिंजऱ्यात ठेवून उगीच हाल कशाला करायचे?” लोकांना ते पटे. दोघा-तिघांनी माझ्या भूतदयेची तारीफही केली. चौथ्याला सांगत होतो, तेव्हा आतून हिचा आवाज आला.

“पैसे नव्हते, असं सांगा की.”

खर्च भलत्या खात्यावर पडला तर हिशेबनीसाला रात्री झोप लागत नाही. मी टंचाई उचलून दयेच्या खात्यावर मांडली होती. तसे पाहिले तर दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या; हालही नको होते आणि पैसेही नव्हते. पण निर्णय कोणी केला, हे मला पक्के ठाऊक होते. दया मागाहून आली आणि आल्याबरोबर पुढची खुर्ची अडवून बसली.

मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे, असे आपल्याकडे पूर्वापार सांगतात. लहानपणी मला हा दंड भयंकर वाटे. आता त्यातली सोय दिसते. मारण्याला दर ठरलेला आहे, तो भरला की माणूस सुटला. न वाचवण्याचा दर कोणी सांगितलेला नाही. १९६० सालचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा एक पाऊल पुढे जातो. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या सुस्थितीसाठी सर्व वाजवी उपाय करावेत, असे तो म्हणतो. वाजवी! हा शब्द घालणारा गृहस्थ शहाणा असला पाहिजे. पण वाजवीपणा मोजायचा कोणाच्या खिशाने? गर्भश्रीमंताच्या पिल्लीला जे वाजवी, ते माझ्या पिल्लीला चैन ठरते, आणि दुखणे तर दोघींचे सारखेच.

श्रीमंताला थांबायचे कुठे हे उशिरा कळते, गरिबाला लवकर, अशीही एक समजूत मी मनाची घालून पाहिली. ती फारच सोयीची निघाली, म्हणून सोडून दिली.

सलाईन देताना मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून वर उचलायची आणि तिथे सुई टोचायची. मांजरी पिलांना उचलते ती जागा नेमकी हीच. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत यावरून मोठा वाद झालेला आहे. एक पक्ष म्हणतो, माकडाचे पिलू आईला बिलगते तसे भक्ताने देवाला घट्ट धरावे. दुसरा म्हणतो, भक्ताने काहीच करू नये; मांजरीने पिलाला उचलावे तसा देवच त्याला उचलतो. वाद ऐकला होता तेव्हा मला दुसरा पक्ष गोड वाटला होता. चिमटीत पिल्लीची कातडी असताना तो तितका गोड राहिला नाही. ती अंग सैल सोडून पडून राही. उचलणाऱ्याची ऐपत किती, हा प्रश्न त्या पिलाला पडतच नाही.

पिल्ली सात आठवडे जगली. शेवटचे चार दिवस वाईट गेले; त्याविषयी लिहीत नाही. श्रावणात तिला परसात पुरले.

संध्याकाळी आजी आल्या. त्या विड्या वळतात; मजुरी हजाराच्या हिशेबाने मिळते.

“किती गेलं ओ दिवाणजी?”

“साडेपाच हजार. दवाखान्यात ठेवायला अठरा लागले असते. परवडत नव्हतं, म्हणून घरी ठेवली.”

साडेपाच हजारांच्या विड्या किती, हा हिशेब आता त्या करणार, अशी मी मनाची तयारी केली होती. आजी पायरीवर बसल्या. बराच वेळ परसाकडे पाहत राहिल्या.

“आमच्या ह्यांना पण असंच दवाखान्यातून घरी आणलं होतं,” त्या म्हणाल्या. “लोकांना सांगितलं, ह्यांनाच घरी यायचं होतं म्हणून.”

मग पदराने पायरी पुसून त्या उठल्या. घरी सुपातली पाने वाळत होती.